झाकणाएवढा घास

स्पेन देशात दुपारचे जेवण दोन-तीन वाजता होते आणि रात्रीचे नऊच्या सुमारास. इतका वेळ मुलांना भूक कशी सोसावी? म्हणून सायंकाळी त्यांना फराळ देतात. त्यास 'मेरिएन्दा' म्हणतात. वाढदिवसाचे निमंत्रणही पुष्कळदा याच वेळेचे असते. अशा वेळी मेजावर 'तापास' मांडावयाचे झाल्यास यजमानास थोडा विचार करावा लागतो.

'तापा' म्हणजे झाकण. पूर्वी पेल्यात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाची चकती ठेवीत, त्यावरून हे नाव पडले, अशी एक समजूत आहे. तापास ही मूळची थोरांची चीज. उपाहारगृहात उभ्या उभ्या गप्पा माराव्यात आणि एकाच बशीतून चौघांनी थोडे थोडे उचलावे, ही तिची रीत.

मुलांना त्यातील तोर्तिया फार रुचतो. बटाट्याचे काप ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर शिजवून फेटलेल्या अंड्यांत मिसळतात व त्याचा जाड पोळा करतात. तो परतावयाचा म्हणजे तव्यावर ताटली पालथी घालून दोन्ही एकदम उलटी करावयाची. नवशिक्याची येथे खरी परीक्षा! पोळ्यात कांदा घालावा की नाही, यावर तिकडे हिरिरीने वाद होतात. गंमत अशी, की बटाटा मुळात स्पेनचा नव्हेच. तो सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेतून आणला. मराठीने 'बटाटा' हा शब्द घेतला तो मात्र पोर्तुगीजांकडून.

पुष्कळ मोठ्या माणसांना तोर्तिया आतून ओलसर आवडतो. मुलांसाठी मात्र अंडे पुरते शिजलेच पाहिजे. दुसरा सोपा पदार्थ म्हणजे भाजलेल्या पावावर चिरलेला टोमॅटो चोळून वर तेल व मीठ घालणे. हे काम पाहुण्या मुलांवरच सोपवावे. हात माखतात, पण पाव उरत नाही.

खरी काळजी असते ती ताईदादांचे बोट धरून आलेल्या तीन-चार वर्षांच्या पाहुण्यांची. तापासमध्ये ऑलिव्हची फळे व बदाम नेहमीचेच. गोल, गुळगुळीत फळ बालकाच्या घशात अडकले, तर श्वास क्षणात कोंडतो. म्हणून ऑलिव्हची बी काढून फळाचे उभे चार तुकडे करावेत. अख्खे बदाम पाच वर्षांखालील मुलांना देऊच नयेत. घास टोचून ठेवण्याच्या अणकुचीदार काड्याही बशी मेजावर येण्यापूर्वीच काढून घ्याव्यात. अंडे, दूध वा सुकामेवा कोणास बाधतो, हे पालकांस आधीच विचारलेले बरे. बशी समोर आल्यावर मुलास 'नको' म्हणणे फार जड जाते.

बशा रिकाम्या झाल्या की केक येतो, गाणे होते आणि मग स्पेनमधील जुनी चाल. जितकी वर्षे पूर्ण झाली, तितक्या वेळा वाढदिवस असलेल्या मुलाचा कान ओढतात. बारा वर्षांचा मुलगा त्या वेळी मेजाखाली दडलेला सापडला, तर नवल नाही.