गावाची ठेव : गायरान, माळ आणि शेतजमीन
(परिसर अभ्यास – इयत्ता ४ थी व ५ वी)

उद्देश.– आपल्या गावात सामाईक जमीन कोणती आहे, तिच्यावर कोणत्या अटी आहेत व त्या कोणी सांभाळावयाच्या असतात, हे विद्यार्थ्यांस समजावे.

प्रस्तावना.– शिरूर व दौंड या तालुक्यांत भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या काठी काळी जमीन आहे. नदीपासून दूर गेले की गवताळ माळ लागतो. काळीत ऊस उभा राहतो म्हणून तिचे मोल सर्वांस कळते. माळास मात्र आपण 'पडीक' म्हणतो. वस्तुतः या माळावर मेंढपाळांची मेंढरे चरतात. लांडगा, तरस, खोकड व चिंकारा यांचा वासही अशाच माळांवर असतो. दौंडलगतच्या बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले, ते चिंकाऱ्यासाठीच. गवताचा माळ रिकामा समजून त्यावर दाट झाडे लावणे हेही त्याचे नुकसानच होय, हे वृक्षारोपणाच्या दिवशी शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

विवेचन.– रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक क्षेत्रे झाली, हमरस्त्यांच्या कडेला भूखंड पडू लागले. लोकांस काम मिळाले, हे खरे. पण सिमेंटखाली गेलेली माती पुन्हा पिकत नाही. तेव्हा काय राखावयाचे, हे अगोदर ठरले पाहिजे.

अमेरिकेत यासाठी भूमी-विश्वस्त संस्था असतात. अशी एक संस्था मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ साली स्थापन झाली. कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातील शेतजमिनीसाठी १९८० साली दुसरी निघाली. त्यांची एक रीत समजण्यासारखी आहे. शेतकरी जमीन आपल्याच नावे ठेवतो, कसतो, विकतो, मुलांस देतो; मात्र तीवर वसाहत उठविण्याचा हक्क तो मोबदला घेऊन अथवा दान म्हणून कायमचा सोडतो. हा करार सरकारी दप्तरी नोंदविला जातो व पुढील प्रत्येक मालकास बांधून ठेवतो. अट पाळली जाते की नाही, हे संस्था वेळोवेळी जागेवर जाऊन पाहते.

आपल्याकडे ही रीत रूढ नाही. आपला कूळकायदा शेतजमीन कोणी घ्यावी यावर बंधन घालतो. ती शेतीखालीच राहील अशी हमी त्याने मिळत नाही. परंतु विश्वस्तपणाची कल्पना आपणांस नवी नाही. देवराई देवाच्या नावाने राखली गेली, गायरान गुरांच्या नावाने. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे मोर शेतांतून व चिंचांच्या सावलीत निर्धास्त हिंडतात, ते गावकऱ्यांनी त्यांस राखले म्हणून.

गायरानास कायद्याचाही आधार आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या गावास परत द्याव्यात, असा आदेश सर्व राज्यांस दिला. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. तरीही कागद स्वतः राखण करीत नाही. नोंद वाचणारा व ग्रामसभेत विचारणारा माणूस असावा लागतो.

कृती.– (१) ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून गावनकाशा व गायरानाचा ७/१२ उतारा मिळवावा. वनजमिनीची नोंद नमुना १-अ मध्ये व अतिक्रमणाची १-इ मध्ये असते, हे सांगावे. (२) वर्ग घेऊन त्या गटाची शिवफेरी करावी व उताऱ्यावरील क्षेत्र मुलांकडून वाचून घ्यावे. (३) पूर्वी तेथे काय होते, हे वृद्ध मंडळींस व मेंढपाळांस विचारून वहीत लिहून घ्यावे.

दक्षता.– आपल्या वर्गातील एखाद्या मुलाचे घर गायरानावर असू शकेल. कोणाचेही नाव घेऊ नये, कोणासही खाली पाहावयास लावू नये. भूमिहीनांस दिलेली जागा व अगोदरच उभी असलेली शाळा-दवाखाना यांस न्यायालयानेही अपवाद मानले आहे. गरजेपोटी उभारलेली झोपडी व लोभापोटी घातलेले कुंपण यांतील भेद मुलांस आपापल्या बुद्धीने करता यावा, एवढेच पाहावे.

प्रश्न.– (१) आपल्या गावचे गायरान कोणत्या गटात आहे? (२) माळास 'पडीक' म्हणणे बरोबर का नाही? (३) तुम्ही मोठे व्हाल तेव्हा गावची कोणती जमीन आहे तशीच असावी, असे तुम्हांस वाटते?