भरत नाही म्हणून जखम कापू नका

पायावरची जखम चिघळली की गावात एकच सल्ला मिळतो: सडलेलं काढून टाका, खालून नवं मांस येईल. शुगरच्या रुग्णाचा पाय काळा पडत असेल तर हे खरंच आहे, तिथे सर्जनला अडवू नका. पण ‘पायोडर्मा गँगरेनोसम’ या दुर्मिळ आजारात याच सल्ल्याने जखम वाढते. या जखमेचं मूळ जंतूंमध्ये नसतं. शरीराच्याच पांढऱ्या पेशी कातडीवर उलटतात आणि ब्लेड लागलं की आणखी चवताळतात.

रिसोड तालुक्यातल्या एका बाईंना सोयाबीनच्या सोंगणीत नडगीवर फोड आला. कुणीतरी बिब्बा घातला, कातडी भाजली. मग जखम दोनदा कापून साफ केली, दोन्ही वेळा ती पसरली. अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता, शुगर नॉर्मल. शौचाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “रक्त जाते, पण ते मूळव्याधीचं.” तपासणीत निघाला मोठ्या आतड्याचा जुना दाह, अल्सरेटिव्ह कोलायटिस. पायोडर्माच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना आतड्याचा, सांध्यांचा किंवा रक्ताचा असा आजार असतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर ठणका लवकर उतरला, जखम भरायला मात्र महिने गेले.

साधा फोड काही दिवसांत मोठा व्रण झाला, कड जांभळी आणि आतून पोखरलेली आहे, जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त आहे, तर थांबू नका.

“कापू नका म्हणता, मग तुकडा कशाला काढता?” असं लोक विचारतात. तपासणीसाठी कडेचा लहानसा तुकडा लागतोच. टीबी, बुरशी, कॅन्सर नाही हे ठरवल्याशिवाय निदान होत नाही, कारण या आजाराची अशी एकच खात्रीची तपासणी नाही. म्हणूनच मोबाईलवर वाचून मेडिकलमधून स्टेरॉइड आणणाऱ्यांचा मला राग येतो. जखम टीबीची असेल तर ती गोळी टीबीला मोकळं रान देते. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बरं वाटलं म्हणून मनाने बंद करणं तितकंच घातक.

धीर सोडू नका. ब्रिटनमधल्या 2015 च्या अभ्यासात प्रेडनिसोलोन आणि सायक्लोस्पोरिन ही दोन औषधं सारखीच ठरली. सहा महिन्यांत जवळपास निम्म्या रुग्णांच्या जखमा भरल्या. इतरांना जास्त वेळ लागतो, दुसरी औषधंही आहेत.

तोवर जखम सलाईनने हलक्या हाताने धुवा, न चिकटणारी पट्टी बांधा. बिब्बा, चुना, रुईचा चीक काही लावू नका. जुने सगळे कागद घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे या. वाशीममध्ये सोय झाली नाही तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, आणि शौचातून रक्त जात असेल तर ते न लाजता सांगा.