भोगीच्या आगीआधी : पितृऋण आणि घरातील जुने कागद



पौषातील हा आठवडा आपल्या सर्वांच्याच धावपळीचा. चेन्नईत राहणाऱ्या मराठी घराला तर दोन पंचांगे सांभाळावी लागतात. भोगी, पोंगल, माट्टु पोंगल, काणुम पोंगल हे चार दिवस शेजाऱ्यांचे आणि आपलेही. त्यातच संक्रांतीचा तिळगूळ, सुवासिनींचे हळदीकुंकू आणि उत्तरायण पुण्यकाळाचे तर्पण. या महिन्याच्या अभ्यासासाठी आपण एकच विषय घेत आहोत : वंशावळ. हा विषय नेमका याच आठवड्यात का, हे पुढे स्पष्ट होईल. एन्नोर, काट्टिवाक्कम, तिरुवोट्टियूर या भागातील साधकांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे; पण इतरांनाही ते आपल्या गावाला लावून वाचता येईल.

मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्माला येतो, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे : ऋषिऋण, देवऋण आणि पितृऋण. पहिल्या दोहोंबद्दल आपण सत्संगात नेहमी बोलतो. तिसऱ्याविषयी मात्र वर्षातून एकदा, पितृपक्षात, आणि तेही स्वयंपाकाच्या यादीपुरते. तर्पणाला बसल्यावर खरी परीक्षा होते. वडील, आजोबा, पणजोबा; आई, आजी, पणजी; पुढे मातामहांची बाजू. गुरुजी नाव विचारतात आणि पणजीच्या नावापाशी आपण थांबतो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, अशी सोय परंपरेने ठेवली आहे. पण सोय वापरायची ती शोध घेऊन झाल्यावर.

आता भोगी. ‘जुने जाऊ दे, नवे येऊ दे’ या भावनेने तमिळ घरांत या दिवशी पहाटे जुन्या वस्तू जाळतात. या प्रथेमागचा भाव सुंदर आहे. पण शहरात तिचे रूप बदलले. टायर आणि प्लॅस्टिकही त्या आगीत जाऊ लागले. 2018 च्या भोगीला धुरामुळे चेन्नई विमानतळावरील उड्डाणे विस्कळीत झाली होती. एन्नोरने तर आधीच पुष्कळ सोसले आहे. औष्णिक वीजकेंद्रांची राख खाडीत साचली आहे, आणि डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पुराबरोबर आलेले तेल कोसस्थलैयार नदीच्या मुखापर्यंत पसरले. त्यात कोळी बांधवांची जाळी आणि होड्या काळ्या झाल्या. म्हणून आपल्या गटाने या आठवड्यात करण्याची सेवा साधी आहे : भोगीच्या दोन दिवस आधी घरोघर जाऊन जुने कपडे, गाद्या, टायर गोळा करून महापालिकेच्या गाडीत द्यावेत. गेली काही वर्षे महापालिका असे साहित्य स्वतः गोळा करते.

ही सेवा करताना एक काम जोडून घ्या. रद्दीच्या गठ्ठ्यात हात घालण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, ‘यात जुने काही आहे का?’ जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, जमाखर्चाची वही, मोडीतील एखादे पत्र, पोस्टकार्डे असे पुष्कळ काही माळ्यावरून थेट आगीत जाते.

हे नुकसान काल्पनिक नव्हे. तमिळ विद्वान उ. वे. स्वामिनाथ अय्यर (1855–1942) गावोगाव फिरून ताडपत्रे शोधत. एका देवळात त्यांना सांगण्यात आले की, जीर्ण पोथ्या शास्त्राप्रमाणे तुपात बुडवून होमात अर्पण केल्या. करणाऱ्यांच्या मनात कपट नव्हते, श्रद्धाच होती, पण ग्रंथ गेले. जे वाचले त्यातून त्यांनी 1887 मध्ये ‘जीवक चिंतामणी’ छापली आणि पुढे संगम वाङ्मयातील किती तरी ग्रंथ उजेडात आणले. घरातील कागदाला एवढे मोल नसेल. पण आपल्या कुळापुरता तो एकमेव असतो.

मराठी माणसाला या प्रदेशात वंशावळीचे मोठे उदाहरण समोर आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी लिपीत, दगडावर कोरला आहे. 1803 साली दुसरे सरफोजी महाराज यांनी तो कोरविला. हा काळ लक्षात घ्या. 1799 मध्ये राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. स्वतः सरफोजी दत्तक होते आणि त्यांच्या दत्तकविधानावरून मोठा वाद झाला होता. राज्य हातातून गेल्यावर चारच वर्षांनी आपला वंश दगडावर लिहून ठेवावासा वाटणे यात श्रद्धा आहे, तसा दावाही आहे. कोणतीही वंशावळ वाचताना ती कोणी आणि कोणत्या गरजेने लिहिली, हे विचारावेच. आपण लिहीत असलेलीही.

तंजावरहून मराठी घराणी पुढे कुंभकोणम, मद्रास, त्रावणकोरपर्यंत पसरली. कुंभकोणमला 1828 मध्ये जन्मलेले राजा सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. शोधकाची अडचण इथेच आहे. दक्षिणेत स्थायिक झालेल्या घरांत आडनाव गळते, त्या जागी गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर येते आणि शेवटी ‘राव’ राहते. चार पिढ्यांनी कुळाचे नाव कोणालाच आठवत नाही. अशा वेळी आडनावाच्या मागे लागण्यापेक्षा कुलदैवत आणि गोत्र विचारा. घरात मराठी मोडकी झाली तरी जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी सहसा विसरली जात नाही. एन्नोरला 1948 साली सुरू झालेल्या अशोक मोटर्सच्या, म्हणजे आजच्या अशोक लेलँडच्या, कारखान्यात किंवा पुढे आलेल्या इतर उद्योगांत नोकरीसाठी जी घरे महाराष्ट्रातून आली, त्यांचे काम त्यामानाने सोपे. त्यांना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या गावाच्या नावाखाली पूर्वजांच्या सह्या सापडण्याचा संभव आहे.

जुन्या पत्रिकेवर इसवी सन क्वचितच असतो. शके असेल तर त्यात 78 मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानची तिथी असेल तर 79. नुसते संवत्सराचे नाव असेल तर सावध राहा. संवत्सरे साठ आहेत आणि ती फिरून येतात. ‘क्रोधी’ संवत्सर 1904, 1964 आणि 2024 मध्ये सुरू झाले. तमिळ पंचांगातही नावे हीच आहेत, फक्त वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलते. आजोबा की पणजोबा, हा घोळ बहुधा इथेच होतो.

कागद नसतील तर भांडी पाहा. लग्नात दिलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत इकडेही आहे आणि तिकडेही. देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी तारीख. आणि कागदावर जिचे नाव कुठेच नाही अशी एखादी आत्या कळशीच्या काठावर सापडते.

कारण वंशावळीत सर्वांत मोठी उणीव स्त्रियांची आहे. मुलीला माहेरच्या शाखेत जागा नाही. सासरी तिचे नाव बदलले. पुढे ती ‘काकू’, ‘मोठ्या आई’, ‘आजी’ झाली. बालविधवा असेल तर तेही नाही. हळदीकुंकवाला जमणाऱ्या भगिनींनी ही जबाबदारी घ्यावी, असे मला आग्रहाने वाटते. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे. ‘तुमचे माहेरचे नाव काय होते?’ एवढाच प्रश्न सत्तरी ओलांडलेल्या बाईंना विचारून पाहा. अनेकींना तो कित्येक वर्षांत कोणी विचारलेला नसतो.

पुरुषांसाठी आणि मुलांसाठी काणुम पोंगलचा दिवस आहे. ‘काणुम’ म्हणजे पाहणे. या दिवशी नातेवाइकांना भेटायला जातात. वडीलधाऱ्यांपुढे कोरा तक्ता ठेवू नका, ते घाबरतात. जुना फोटो ठेवा आणि ‘हे कोण?’ एवढेच विचारा. मग गप्प बसा. मुलांना लिहून घेऊ द्या.

बोलता बोलता काही अवघडही निघेल. जातीबाहेर लग्न केले म्हणून पुसून टाकलेला काका, दुसरेपणावर दिलेली मुलगी, कर्जापायी रातोरात सोडलेले गाव. अशा माणसाचे नाव लिहायचे की नाही? माझे मत स्पष्ट आहे : लिहायचे. ज्याला घराने वगळले त्याचेही ऋण आपल्यावर असू शकते. मात्र जिवंत व्यक्तींच्या खासगी गोष्टी त्यांच्या संमतीवाचून वहीत येऊ नयेत, आणि फोनवरच्या गटांत तर नाहीच.

‘साधकाने कुळाचा अभिमान सोडायचा असतो, मग हा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. एन्नोरहून लोकलने चेन्नईकडे निघाल्यावर थोड्याच वेळात तिरुवोट्टियूर येते. तिथे समुद्राजवळ पट्टिनत्तार यांची समाधी आहे. कोट्यधीश व्यापारी असताना त्यांनी सर्वस्व सोडले, घर सोडले, नाव सोडले. पण आई गेल्याचे कळताच ते स्मशानात आले, केळीच्या ओल्या खोडांची चिता रचली आणि अंत्यविधी केला, अशी कथा तमिळ घरांत सांगतात. त्या वेळी त्यांनी गायिलेली पदे आजही लोकांच्या ओठी आहेत. जमल्यास या आठवड्यात समाधीच्या दर्शनाला जा. शेजारच्या तमिळ आजींना सोबत न्या. ती पदे त्याच म्हणून दाखवतील.

शेवटी कागदांविषयी. एन्नोरची हवा खारी आणि दमट आहे. सापडलेले कागद सावलीत सुकवा, उन्हात नको. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. फोटो काढून घ्या आणि मूळ कागद धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाच्या बस्त्यात बांधून ठेवा. वंशावळीच्या दोन प्रती करा. एक आपल्याकडे, दुसरी दुसऱ्या शाखेतील भावंडाकडे, शक्यतो दुसऱ्या गावी. पुढील बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या चारही पणजींची नावे लिहून आणावीत. जी सापडली नाहीत, त्यांची जागा कोरी ठेवून आणावी.