लेखनाचे प्रकार व लेखकाचे कर्तव्य

शाळेत निबंध, पत्र, अर्ज, सारांश, वृत्तान्त असे लेखनाचे निरनिराळे प्रकार शिकविले जातात. हे सर्व परीक्षेतील गुणांच्या वाटणीसाठी पाडलेले कप्पे होत, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. परंतु नांदेड येथे महाविद्यालयात शिकत असता एकाच दिवशी प्रयोगाची नोंद, वाचलेल्या ग्रंथाचा परिचय, कचेरीसाठी अर्ज आणि घरी पत्र असे चार प्रकारांनी लिहिण्याचे प्रसंग मजवर वारंवार आले, व त्यामुळे या विषयाचा थोडा विचार करणे भाग पडले. त्या विचाराचे सार असे की, प्रत्येक लेखनप्रकार हे विशिष्ट वाचकाला दिलेले एक वचन असते. ते वचन कोणते हे ओळखावे आणि शेवटपर्यंत पाळावे, हीच त्या प्रकाराची विद्या होय.

हे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील एक घटना घेऊ. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी व तिच्या आसपासचा प्रदेश भूकंपाने हादरला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. पुष्कळांना जागे होण्याचीही सवड मिळाली नाही. घटना एकच, परंतु तिच्याविषयी किती प्रकारांनी लिहावे लागले असेल, आणि त्या प्रत्येक लेखाचा वाचक किती वेगळा असेल, याचा विचार करून पाहा.

प्रथम पंचनामा घ्या. समजा, तलाठ्याने पडलेल्या घरासमोर उभे राहून लिहिले की, 'घराची अवस्था पाहून काळीज पिळवटून निघते.' वाक्य खोटे नाही. पण त्याचा त्या घरधन्याला काडीचाही उपयोग नाही. पंचनाम्यात घर किती खणांचे, भिंती कशाच्या, कोणत्या दिशेची भिंत पूर्ण पडली व कोणती तडकली, किती जनावरे दगावली, हे मोजून लिहावे लागते आणि खाली पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात. ज्याने ते घर पाहिलेले नाही, अशा अधिकाऱ्याला त्या कागदावरून निर्णय करावयाचा असतो. म्हणून येथे विशेषणापेक्षा आकडा अधिक दयाळू ठरतो. एक खण लिहावयाचा राहिला, तर एका कुटुंबाचे तेवढे नुकसान सरकारदरबारी झालेच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरा प्रकार बातमीचा. बातमी वाचणारा घाईत असतो व पुष्कळदा चिंतेत असतो. पुण्यामुंबईस कामधंद्यासाठी गेलेल्या लातूरकराला त्या दिवशी पहिल्या दोन ओळींतच कोठे, केव्हा, किती गावांत आणि मदत कोणत्या वाटेने, हे कळणे अगत्याचे होते. म्हणून बातमीत महत्त्वाचे ते आधी येते व तपशील मागाहून येतो. ऐकीव ते ऐकीव म्हणून व पाहिलेले ते पाहिलेले म्हणून सांगणे, हेही बातमीदाराचे कर्तव्यच होय.

तिसरा शास्त्रीय वृत्तान्त. त्याचा वाचक आजचा नसून उद्याचा असतो. हा भूकंप ६.२ इतक्या परिमाणाचा होता. याहून मोठे भूकंप जगात पुष्कळ होतात. मग एवढी प्राणहानी का झाली? अभ्यासकांनी घरांच्या बांधणीकडे बोट दाखविले. जाड दगडी भिंती चिखलात रचलेल्या, आतील व बाहेरील दगडांना एकमेकांचा सांधा नाही, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच घर हादऱ्यासरशी माणसांच्या अंगावर कोसळले. शिवाय हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने अगदी निर्धोक समजला जात असे. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि २००२ साली देशाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात बदल होऊन लातूरचा परिसर अधिक धोक्याच्या श्रेणीत घालण्यात आला. निरीक्षण, कारण आणि अनुमान यांची गल्लत न करता कोणीतरी लिहून ठेवले, म्हणून हे शक्य झाले. प्रयोगवहीत 'मला वाटते' आणि 'मी पाहिले' ही दोन वाक्ये वेगळी ठेवण्याचा आग्रह शिक्षक का धरतात, याचे उत्तर येथे मिळते.

चौथा प्रकार सांत्वनपत्राचा, व तो मला सर्वांत कठीण वाटतो. ज्या मित्राचा भाऊ गेला, त्याला भूकंपाचे परिमाण कळविणे क्रूरपणाचे होईल. दहा हजारांचा आकडाही तेथे निरर्थक आहे. त्याच्या दृष्टीने एकच मनुष्य गेला आहे. त्या एकाचे नाव पत्रात यावे, त्याची एखादी खरी आठवण यावी, आणि आपण कोणती मदत करू शकतो ते साध्या शब्दांत यावे. पंचनाम्यात जो मोजका कोरडेपणा गुण ठरला, तोच येथे दोष ठरतो. भाषा तीच, घटना तीच. वाचक बदलला की गुणदोषांची जागा बदलते.

प्रत्येक कामाला वेगळे लेखन, ही जाण आपल्या पूर्वजांनाही होती. पोथ्या व ग्रंथ बालबोध अक्षरात सुटे सुटे व स्वच्छ लिहीत. कारण ते पुढील पिढ्यांनी वाचावयाचे असत. हिशेब, पत्रे व दप्तर मोडीत लिहीत. कारण तेथे हात झरझर चालणे जरुरीचे होते. मोडीत आधी ओळ आखून तिच्याखाली अक्षरे लिहीत जात, शब्द तोडीत नसत. आज आपण सहज वापरतो ती स्वल्पविराम, पूर्णविराम आदी चिन्हे एकोणिसाव्या शतकात मराठीत रुळली, व त्या कामी मेजर टॉमस कँडी यांनी घेतलेले श्रम सुप्रसिद्ध आहेत. डोळ्यांनी मुकाट्याने वाचणारा नवा वाचक तयार झाला, आणि त्याच्या सोयीसाठी लेखनानेही नवे वळण घेतले.

मराठवाड्यातील पालकांना या विषयाची आणखी एक बाजू सांगावयास नको. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले. ज्याला ती भाषा येत नसे, त्याला स्वतःच्या जमिनीविषयीचा अर्जही दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागे, आणि त्यात काय लिहिले आहे हे दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागे. यात उर्दूचा काही दोष नाही. ती मोठी गोड व समृद्ध भाषा आहे. पण आपले गाऱ्हाणे आपल्याला लिहिता न येणे, ही मोठीच परवशता होय. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. आज कायद्याने मार्ग मोकळा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याअन्वये कोणीही नागरिक सरकारी कार्यालयाकडे माहिती मागू शकतो, व सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावे असा नियम आहे. पण 'आमच्या गावात फार अन्याय होतो' एवढेच लिहिले, तर कोणते उत्तर मिळणार? कोणत्या वर्षाची, कोणत्या कामाची, कोणती कागदपत्रे पाहिजेत, हे नेमके लिहिणाऱ्यालाच त्या कायद्याचा लाभ होतो. अर्ज लिहिण्याचा धडा नीरस वाटतो खरा. परंतु हक्क पदरात पडणे पुष्कळदा त्याच धड्यावर अवलंबून असते.

याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण तर आम्हा नांदेडकरांच्या घरचेच आहे. त्यांनी साहित्यसमीक्षा लिहिली, राजकारणावर व समाजकारणावर लिहिले, आणि रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला विस्तृत प्रस्तावना लिहिली. प्रस्तावना म्हटली की ग्रंथकाराची स्तुती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कुरुंदकरांनी मात्र तिथे शिवचरित्राचा अभ्यासकाच्या नजरेने विचार मांडला. प्रस्तावनेचा वाचक ग्रंथकार नसून ग्रंथ उघडणारा अनोळखी मनुष्य असतो. त्याला विचार करण्यास साह्य करावे, हे त्या प्रकाराचे वचन त्यांनी पाळले.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टीत एक अभ्यास अवश्य करून पाहा. आपल्या गावातील एखादी घटना घ्या: गोदावरीचा पूर असो, माळेगावची यात्रा असो, किंवा आटलेली विहीर असो. तिच्याविषयी तहसीलदारांना अर्ज लिहा, वर्तमानपत्रासाठी दहा ओळींची बातमी लिहा, परगावी असलेल्या आजीला पत्र लिहा, आणि शेवटी तिची कारणे शोधणारा निबंध लिहा. मग चारही कागद शेजारी ठेवून, अर्जातील कोणती वाक्ये पत्रात घालता आली नाहीत व का, हे पाहा. पालकांनीही घरातील एखादा खरा अर्ज मुलाकडून लिहवून घ्यावा आणि तो मोठ्याने वाचावयास लावावा. आजीच्या पत्राला उत्तर आले आणि विहिरीच्या अर्जावर कोणी चौकशीस आले, म्हणजे मुलांना आपल्या लेखनाची परीक्षा कोण घेतो, हे आपोआप कळेल.