लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

स्वारगेटच्या गर्दींतून सारसबागेकडे गेलें म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा दृष्टीस पडतो. आमचे पुष्कळ विद्यार्थी त्या वाटेनें नित्य जातात. परंतु हे गृहस्थ कोण, असें वर्गांत विचारतांच फारच थोडे हात वर झाले. म्हणून हा अल्प परिचय.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजीं वाटेगांव (आतांचा सांगली जिल्हा) येथें मातंग समाजांतील एका गरीब कुटुंबांत झाला. अस्पृश्यतेचा जाच त्या काळीं शाळेंतही होता. त्यांचें शालेय शिक्षण अवघें दीड दिवसाचें! पुढें हें कुटुंब पायीं मुंबईस गेलें. तेथें मोलमजुरी करीत असतां दुकानांवरील पाट्या पाहून ते वाचावयास शिकले, असें सांगतात.

१९४४ सालीं अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं लालबावटा कलापथक उभारलें. पोवाडा, लावणी व तमाशा यांच्या द्वारें त्यांनीं कामगारांचें व शेतमजुरांचें दुःख लोकांपुढें मांडलें. स्वतः रचावें व स्वतःच डफावर गावें, ही त्यांची रीत.

त्यांचें ‘माझी मैना’ हें गीत विद्यार्थ्यांनीं अवश्य अभ्यासावें. मुंबईस आलेला मजूर गांवीं राहिलेल्या पत्नीच्या आठवणीनें व्याकुळ होतो. ऐकणाऱ्यास वाटतें, ही विरहाची लावणी आहे. परंतु हळूहळू उमगतें कीं, बेळगांव, कारवार, निपाणी हा मुलूख महाराष्ट्रास अंतरला, त्याचीच ही व्यथा होय. घरच्या दुःखाचा हात धरून समाजाचें दुःख मनांत शिरतें. गीतरचनेचें मर्म तें हेंच.

१९५९ सालीं प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ सालीं ते रशियास जाऊन आले. १८ जुलै १९६९ रोजीं हलाखींतच त्यांचें निधन झालें. २०२२ सालीं मॉस्को शहरीं त्यांचा पुतळा उभा राहिला.

शाळेनें ज्यास जवळ केलें नाहीं, त्याचीं पुस्तकें आज आम्ही शाळेंत शिकवितों! हें शिकवितांना शिक्षक या नात्यानें आम्हांस अभिमानापेक्षां लाजच अधिक वाटते. प्रत्येक अण्णाभाऊ पाट्या वाचून तरून जात नाहीं. कित्येक मुलें दारांतूनच परत गेलीं असतील. पालकहो, हें आपल्या मुलांस अवश्य सांगा. आणि विद्यार्थ्यांनो, पुतळ्यास वंदन कराच. परंतु त्याआधीं वर्गांत एकटा बसणाऱ्या सोबत्यास आपल्या बाकावर जागा द्या.