सीमेवरचे गाव : महाराजगुडा

नकाशावरील सीमारेषा दिसायला एक ओळ असते. परंतु माणसाचे हक्क त्या ओळीने ठरतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील महाराजगुडा हे डोंगराळ भागातील छोटेसे गाव याचे बोलके उदाहरण आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी दावा सांगितलेल्या १४ गावांपैकी ते एक.

पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यात आला व जिल्ह्याचा बराचसा भाग आंध्र प्रदेशात गेला. डोंगरातील या गावांची हद्द मात्र वादात राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराजगुड्यातील एका घराची बातमी देशभर गाजली : आठ खोल्यांपैकी चार महाराष्ट्रात, चार तेलंगणात!

या परिसरात गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठवाड्यातून पोटासाठी आलेली दलित कुटुंबे राहतात. अनेकांकडे दोन रेशनकार्डे, दोन मतदार याद्यांत नावे. वरवर पाहता हे लोक भाग्यवान वाटतात. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १७ एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत ठेवू देत नाही.

खरा प्रश्न जमिनीच्या पट्ट्याचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास. पोटासाठी स्थलांतर करून आलेल्या दलिताने तो कोठून आणावा? बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. म्हणजे ओळ सरकली की हक्कही सरकतो.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही गावे पूर्णपणे राज्यात समाविष्ट करण्याची भूमिका जाहीर केली. त्याचे स्वागतच आहे. मात्र गाव कोणत्या राज्यात, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कसणाऱ्याच्या नावावर जमीन होते की नाही, हे पाहिले पाहिजे.

बाबासाहेबांनी एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व सांगितले. येथे माणसाला दोन मते मिळाली, पण मूल्य मिळाले नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी सातबारा, वनहक्क दावा आणि ग्रामसभेचा ठराव वाचायला शिकावे. अशा गावांना आज भाषणांपेक्षा अर्ज नीट भरून देणाऱ्या शिकलेल्या हातांची गरज अधिक आहे.