कोंबड्याचं पोट बिघडलं तर किती खर्च येईल?

देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी आणि भोवतालच्या वस्त्या म्हणजे पाटपाण्याचा, उसाचा पट्टा. इथे घरामागे खुराडं आणि त्यात पाच-सात कोंबड्यांबरोबर एखादा तालेवार कोंबडा असतोच. तो एका सकाळी आरवला नाही, पिसं फुगवून कोपऱ्यात पेंगत बसला आणि शिट पातळ पडायला लागली, की घरात दोनच सल्ले मिळतात. कोणी म्हणतं, 'मरायच्या आत कापा.' कोणी म्हणतं, 'दुकानातून काहीतरी पावडर आणा.' माझं सांगणं असं की पहिले पैसे आजार ओळखण्यावर घाला, औषधावर त्यानंतर. दोन किलोंच्या गावरान कोंबड्याला बाजारात सहाशे ते हजार रुपये सहज येतात. त्याच्यावर दीड-दोनशे रुपये खर्च करणं परवडतं, पण ते योग्य ठिकाणी पडले पाहिजेत. पुढचे सगळे भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक फरक पडेल.

पहिल्या दिवसाचं काम जवळजवळ फुकट आहे. कोंबडा लगेच वेगळा करा. डालग्याखाली जुना पेपर अंथरा आणि त्याला तिथे सावलीत, वारा लागणार नाही असा ठेवा. आजार पसरायचा थांबतो आणि शिट नेमकी कशी पडते तेही दिसतं. दर दोन तासांनी पेपर बघा. निरोगी शिट तपकिरी, घट्टसर असते आणि तिच्यावर पांढरा थर असतो. तो थर म्हणजे कोंबडीची लघवी. दिवसातून काही वेळा चॉकलेटी रंगाची, चिकट, उग्र वासाची शिट पडते. तीही निरोगीच असते, आतड्याच्या शेवटच्या आंधळ्या पिशव्यांतून आलेली. हिलाच हगवण समजून औषधं पाजणारे पुष्कळ आहेत.

काळजी करायची ती वेगळ्या रंगांची. हिरवी पाण्यासारखी शिट म्हणजे एकतर कोंबड्याच्या पोटात अन्नच गेलेलं नाही, नाहीतर मानमोडी, म्हणजे राणीखेत. मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं, तोंड उघडून श्वास घेणं यातलं काही जोडीला असेल तर संशय पक्का धरा. शिटेत रक्त दिसलं तर रक्ती हगवणीचा विचार करा. पण ती मुख्यतः तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांचा जीव घेते, पावसाळ्यात ओल्या भुशावर तर फार झपाट्याने. वर्षा-दीड वर्षाच्या कोंबड्याला तिची बरीच प्रतिकारशक्ती आलेली असते. तो खातोय, तरी छातीचं हाड हाताला लागतंय, तुरा फिका पडलाय आणि शिट पातळ आहे, असं असेल तर आधी जंतांचा विचार करा. उकिरडा उकरणाऱ्या पक्ष्याला जंत होतातच.

एक तपासणी मात्र भल्या सकाळी, दाणा टाकण्याआधीच करायची. कोंबड्याला काखेत धरून गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा. रात्रभरात ती रिकामी झालेली असायला हवी. बोटांना कडक गोळा लागला तर लांब गवत, उसाच्या पाचटाचे धागे, सुतळी किंवा प्लास्टिक आत अडकलेलं असतं. पिशवी मऊ, पाण्याने भरलेली आणि चोचीला आंबूस वास असेल तर आतलं अन्न आंबलंय. गोळा असेल तर दाणा बंद करा, पाणी चालू ठेवा, आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवी वरून खाली हलक्या हाताने चोळा. कोंबड्याला उलटा धरून पिशवी पिळण्याचा प्रकार करू नका, पाणी श्वासनळीत जाऊन पक्षी जागच्या जागी मरतो. एका दिवसात गोळा हलला नाही तर डॉक्टरच गाठा, कधीकधी पिशवी कापून साफ करावी लागते. दाण्याबरोबर बारीक खडे किंवा जाड वाळू मिळत नसेल तर पेट्यात दाणा दळला जात नाही, म्हणून बंदिस्त कोंबड्यांना वाळूची वाटी ठेवा. तिला पैसे पडत नाहीत.

हगवणीत कोंबडा पाण्यावाचून आधी जातो. औषधाच्या दुकानात ओआरएसचं पाकीट वीस-पंचवीस रुपयांना मिळतं. ते एक लिटर पाण्यात कालवून सकाळी ठेवा, संध्याकाळी साधं पाणी द्या, आणि कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. खायला शिजवलेला मऊ भात किंवा बाजरीची पातळ कणी चालते. बुरशी आलेला मका अजिबात नको. पावसात भिजलेली कणसं स्वस्त म्हणून कोंबड्यांना टाकतात. त्या बुरशीचं विष यकृत खातं आणि त्यावर उतारा नसतो.

दवाखाना आणि तपासणी

शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंदणी आणि तपासणीचं शुल्क अगदी किरकोळ असतं. सकाळची ताजी शिट झाकणाच्या स्वच्छ डबीत घेऊन जा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे जंतू दिसतात, मग औषधाचा अंदाज लावावा लागत नाही. घरून निघणं शक्य नसेल तर १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. शुल्क फोनवरच विचारून घ्या. खाजगी डॉक्टर घरी आले तर दोनशे ते पाचशे रुपये धरा. एका कोंबड्यासाठी ते महाग वाटतं, म्हणून त्याच फेरीत शेळी, गाय, शेजाऱ्याच्या कोंबड्या सगळं दाखवून घ्या.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळ असल्यामुळे काहीजण आजारी पक्षी घेऊन तिकडे निघतात. ते विद्यापीठ शेतीचं आहे. राज्यातली शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहेत. आजारी कोंबड्याची वाट दवाखान्याकडे, आणि तिथून गरज पडली तर अहिल्यानगरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाकडे.

औषधाचा हिशेब

जंतांसाठी अल्बेंडाझोलची ३० मिलिलिटरची बाटली तीस ते साठ रुपयांत येते. अडीच टक्के तीव्रतेचं औषध दोन किलोंच्या कोंबड्याला दोन मिलिलिटरही लागत नाही. एका पक्ष्याला जंत आहेत म्हणजे खुराड्यातल्या सगळ्यांना आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारून सगळ्यांना एकाच दिवशी द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. बाटली सात-आठ पक्ष्यांना दोनदा पुरते.

रक्ती हगवणीवरचं अँप्रोलियम पिण्याच्या पाण्यातून देतात. वीस टक्क्यांची पावडर लिटरला साधारण सव्वा ग्रॅम, तीन ते पाच दिवस, मग मात्रा निम्मी. शंभर ग्रॅमला शंभर-दोनशे रुपये पडतात. औषधाच्या दिवसांत दुसरं पाणी ठेवू नका, नाहीतर पक्षी औषधाचं पाणी पीत नाहीत.

प्रतिजैविकं मात्र चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मानमोडी हा विषाणूचा आजार आहे, तिथे प्रतिजैविकाचा उपयोग नाही. दुकानात कोणी कोलिस्टिन असलेलं जुनं पाकीट पुढे केलं तर घेऊ नका. कोंबड्या-जनावरांसाठी त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली. औषध चालू असताना आणि पाकिटावर लिहिलेले थांबायचे दिवस संपेपर्यंत तो कोंबडा किंवा त्याच खुराड्यातली अंडी घरात खाऊ नका, विकूही नका. 'मरायच्या आत कापा' हा सल्ला मला म्हणूनच मान्य नाही. आजाराचं नाव माहीत नसलेला पक्षी लहान मुलांच्या ताटात वाढायचा नसतो.

एक-दोन दिवसांत तीन-चार पक्षी पटापट मेले, तर पोट बिघडल्याचा प्रश्न उरत नाही. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात पुन्हा आला. असे मृत पक्षी सोलू नका, उकिरड्यावर किंवा पाटात टाकू नका, दवाखान्याला लगेच कळवा. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने मालकावर ती जबाबदारी आहे. सरकारी नमुना तपासणीचा भार तुमच्यावर येत नाही.

मानमोडीवर इलाज नाही, लस आहे, आणि तिथे एकट्याने खर्च करण्यात अर्थ नाही. लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. एका घरातल्या सहा कोंबड्यांसाठी ती फोडली तर उरलेली वाया जाते. गल्लीतली दहा घरं एकत्र आली तर पक्ष्यामागे दोन-तीन रुपयेही पडत नाहीत. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चार आठवड्यांनी पुन्हा तीच, आठव्या आठवड्यात आरटूबी टोचून. कुपी दुकानापासून घरापर्यंत बर्फात आणा. लस सकाळी लवकर द्या, आणि जो कोंबडा आज पेंगतो आहे त्याला वगळा. तो बरा होऊन दाणा नीट खायला लागला, की पुढच्या कुपीत त्याचा नंबर लावा.